एकाच वर्षाचं तेल

बाच्या डाव्या मनगटाचं प्लॅस्टर दुसऱ्यांदा निघालं, त्या दिवशी तो घरी आला आणि चहासुद्धा न घेता सरळ अंगणातल्या मोटरीकडे गेला. मोटर म्हणजे आमची तीनचाकी. पुढून मोटारसायकल, मागे माल ठेवायला लोखंडी हौदा. बा सीटवर बसला, डाव्या हाताची चार बोटं क्लचच्या लिव्हरवर ठेवली आणि ओढली. लिव्हर अर्ध्यावर जाऊन थांबली. त्याने पुन्हा ओढली. मग उजवा हात पलीकडून आणला आणि दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा कुठे ती मुठीला टेकली.

"दोन्ही हात क्लचला, तर रेस कोण देणार?" दारात उभी असलेली यम्मा, माझी आई, म्हणाली.

"तू दे."

यम्मा हसली नाही. ती आत गेली आणि चहाच्या किटलीचा आवाज जरा जास्तच झाला.

जानेवारीत, जैतुनाच्या हंगामाच्या अगदी शेवटी, बा फांदीवरून पडला होता. हाड वाकडं जुळलं, म्हणून मेकनेस शहरातल्या डॉक्टरांनी ते पुन्हा मोडून बसवलं. वसंत गेला, उन्हाळा गेला. तेवढ्या काळात गरज पडली तेव्हा मिमूनने मोटर चालवली. मिमून म्हणजे बाच्या मोठ्या भावाचा मुलगा. त्याचे पंजे फावड्यासारखे आहेत आणि स्वभाव चांगला आहे. आता जैतूनं पुन्हा जांभळी व्हायला लागली होती. आमच्या वस्तीवरची सगळी पोती डोंगरावरच्या तेलाच्या घाण्यापर्यंत बाच वाहून नेतो. म्हणून मिमून विचारायला आला.

"काका, हंगामभर गाडी माझ्याकडे राहू दे. तू मागे पोत्यांवर बस, सुलतानासारखा."

"आणि हंगाम संपल्यावर?"

मिमूनने भाकरीचा तुकडा तेलात बुडवला. "संपल्यावर बघू की."

हे 'बघू' म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना कळलं. मिमूनलाही, कारण त्याने तो तुकडा खाल्लाच नाही. बा थोडा वेळ आपल्या मनगटाकडे पाहत राहिला. प्लॅस्टरखालची कातडी पांढरी आणि पातळ झाली होती.

"पहिली पोती भरेपर्यंत थांब," तो म्हणाला. "तोवर मला क्लच एका हाताने ओढता आला नाही, तर किल्ली तुझी. नेहमीसाठी."

मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन घरी आले होते, शिक्षकभरतीची परीक्षा दिली होती आणि निकालाची वाट बघत होते. मोटरीतलं मला काही येत नव्हतं. वस्तीवर मेकॅनिक नाही. जो आहे तो मेकनेसला, आणि मोटर तिथवर न्यायची तर क्लच ओढता यायला हवा, म्हणजे पुन्हा मिमूनलाच सांगणं आलं. फोनवर कुणीकुणी टाकलेल्या चित्रफिती मी दोन-तीनदा बघितल्या आणि बाला म्हटलं, "मी उघडून बघते."

"परत बसवता येईल?"

"ते उघडल्यावर कळेल."

"डॉक्टरही असंच म्हणाला होता," बा म्हणाला. पण पान्यांची पिशवी त्याने स्वतःच आणून दिली.

जे मोजता येतं ते आधी मोजावं, ही माझी सवय. पोती तोलायचा तानकाटा मी लिव्हरच्या टोकाला अडकवून ओढला. लिव्हर मुठीला टेकली तेव्हा काटा अकरा किलोवर होता. मग तोच तानकाटा हँडलला बांधला आणि बाला म्हटलं, आता तू ओढ. त्याने ओढला. मानेची शीर ताठ झाली.

"किती?"

"सात."

"पूर्वी किती असेल?"

"पूर्वी मोजलं नव्हतं ना, बा."

"वीस लिही," तो म्हणाला.

म्हणजे मामला सरळ होता. बाचा हात कधी सुधारेल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. लिव्हर मात्र लोखंडाची होती. ती सात किलोच्या बरीच खाली आणायची, कारण चढावर ती एकदा नाही, वळणावळणाला ओढावी लागते.

"केबल नको बघूस," बा म्हणाला. "केबल चांगली आहे. काय असेल ते आत असेल."

त्याच्या सांगण्यावरून मी आतूनच सुरुवात केली. परातीत इंजिनातलं तेल काढलं. किकचा दांडा काढला, झाकणाचे बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवले. झाकणाखालचं कागदी पॅकिंग फाटलं. चहाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर झाकण ठेवून मी पेन्सिलीने कड गिरवली आणि तसंच नवीन कापलं. आत एक डबा होता. त्यात चकत्या, एक खरखरीत, एक गुळगुळीत, पुन्हा खरखरीत, आणि चार स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरत होत्या. लिव्हर ओढली की दाब सुटतो आणि चकत्या वेगळ्या होतात. इंजिन एकटंच फिरतं. सोडली की त्या पुन्हा एक होऊन चाकांना ओढतात. हे मला वाचून माहीत होतं. पण चकत्या तेलाने निथळत हातात आल्या आणि प्रत्येकीचा खरखरीतपणा अंगठ्याला वेगळा लागला, तेव्हा मला त्या दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं.

मी त्या स्वच्छ पुसून फडक्यावर ओळीने मांडल्या. यम्मा बाहेर आली.

"एवढी ताटं मांडलीस, जेवायला कोण येणार आहे?"

चकत्या अजून जाड होत्या, त्यांत काही खराबी नव्हती. मग उरल्या स्प्रिंगा. मी समोरासमोरच्या दोन काढून ठेवल्या, दोन राहू दिल्या आणि सगळं बंद केलं. तानकाट्यावर सहाच्याही खाली आकडा आला. बाने लिव्हर ओढली, सोडली, पुन्हा ओढली. त्याने मोटर सुरू केली, गल्लीतून खाली गेला आणि वर आला. मग पुन्हा गेला. मिमूनच्या दारावरून जायची काही गरज नव्हती, तरी तो तिथूनच गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पाण्याचे भरलेले कॅन हौद्यात घालून घाण्याच्या चढावर गेलो. पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. दुसऱ्या वळणावर इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मात्र उतरला. बाने रेस वाढवली. इंजिन ओरडत होतं आणि मोटर जागच्या जागी थरथरत उभी होती. मग जळका वास आला. बाने ब्रेक दाबला आणि इंजिन बंद केलं.

काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. घर्षण दाबावर अवलंबून असतं. दाब अर्धा केला की पकडही अर्धी होते. हा नियम मी किती वेळा लिहिला असेल. फक्त बाला गल्लीत फिरताना बघून तो नियम आमच्या चढापुरता तरी ढिला पडेल असं मला वाटलं होतं.

"मिमूनला सांगून टाकू?" बाने विचारलं. तो खाली दरीतल्या झाडांकडे बघत होता. फांद्या वाकायला लागल्या होत्या.

"थांब जरा."

"तुझ्यावर नाही रागावलो मी."

"माहीत आहे. थांब तरी."

चारही स्प्रिंगा परत गेल्या. चकत्यांवर चकाकी आली होती, ती पॉलिश पेपरने घासून काढली, तेल नवीन घातलं. लिव्हर पुन्हा अकरावर. आता मी जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. केबलचं खालचं टोक इंजिनापासून सोडवलं आणि तानकाटा थेट तिथल्या छोट्या दांडीला लावून ओढला. लिव्हरची लांबी आणि त्या दांडीची लांबी मोजून हिशेब मांडला. स्प्रिंगा दाबायला मुठीवर पाच किलो पुरायला हवे होते. उरलेले सहा वाटेतच कुणीतरी खात होतं, आणि वाटेत केबलशिवाय दुसरं काही नव्हतं.

केबल बाहेरून खरोखर नव्यासारखी दिसत होती. मी ती सोडवून उभी धरली. आतली तार स्वतःच्या वजनाने घसरायला हवी. ती हलली नाही. पकडीने ओढली तेव्हा इंच इंच करत बाहेर आली. तिच्यावर तपकिरी, काकवीसारखा चिकट थर होता, बोट उचललं की पाकासारखा धागा निघत होता. मी वास घेतला.

मला ते ओळखायला प्रयोगशाळा लागली नाही. यम्माची एक रीत आहे, तिच्या आईकडून आलेली. घाण्यावरून पहिलं तेल घरी आलं की ती लोकरीचा एक पुंजका त्यात बुडवते आणि घरात जे जे राबतं त्याला लावते. दाराच्या बिजागरीला, जात्याच्या खुंट्याला, आणि आमचं गाढव होतं तेव्हा त्याच्या खुरांना. गाढव गेलं आणि मोटर आली, तेव्हा गाढवाचा वाटा मोटरीकडे गेला. मोटरीला खुरं नसल्यामुळे यम्माने बरीच पाहणी करून जागा ठरवली होती. लिव्हरजवळ केबल जिथं नळीत शिरते, तिथं. "इथून पितं ते," ती मला लहानपणी सांगायची आणि पुंजका पिळायची.

बा माझ्या मागे येऊन उभा होता. त्याने तारेकडे बघितलं, मग घराच्या दाराकडे.

"ते पटकन डिझेलमध्ये टाक," तो हळूच म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"टाक आधी."

पण यम्मा ताजी भाकरी घेऊन तोवर बाहेर आलीच होती. परात खाली ठेवून तिने माझ्या हातातली तार घेतली, थर दोन बोटांत चोळला आणि नाकाशी नेला. आमच्या डोंगरावर यम्माच्या नाकाला मान आहे. शेजारच्या बायका बरणी घेऊन येतात आणि ती सांगते, हे खालच्या रानातलं, हे उशिरा तोडलेलं.

"हे आपलं तेल आहे," ती म्हणाली.

बाने डिझेलचा डबा पायाने मागे सरकवला.

"गेल्या वर्षीचं. पावसात पोती भिजली होती, त्याचं. कुबट आहे, मी तेव्हाच म्हटलं होतं." तिने तारेच्या दुसऱ्या टोकाचा वास घेतला, मग मधला. "सगळं गेल्या वर्षीचंच आहे."

"हो," बा म्हणाला.

"बूशता," तिने बाला नावाने हाक मारली, "गाढव मेल्यापासून दरवर्षी मी यात तेल घालते. बाकीची वर्षं कुठं गेली?"

बाने डावं मनगट उजव्या हाताने चोळलं. "मेकनेसला," तो म्हणाला.

"मेकनेसला काय करतात ती?"

"मेकॅनिकच्या कचऱ्यात पडली असतील. दर वसंतात मी केबल बदलून आणायचो. खताला म्हणून जायचो ना, तेव्हा. या वर्षी हात गळ्यात, मग कोण जाणार?"

यम्माने बोटं झग्याला पुसली. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"म्हणजे इतकी वर्षं मी त्याला चोंदवत होते, आणि तू गप्प."

"पहिल्या वर्षी सांगणार होतो."

"मग?"

"गाढव गेलं तेव्हा तू कुणाशी बोलत नव्हतीस. मीठ दे, पाणी दे, एवढंच. मोटर आणली, तिच्याकडे तू बघितलंही नाहीस. मग तेल आलं, आणि तू वाटी घेऊन बाहेर आलीस. म्हणालीस, याला कुठून पाजायचं रे? इतक्या दिवसांनी मला काहीतरी विचारलंस." बाने खांदे उडवले. "मी काय म्हणणार होतो? पाजू नकोस?"

कोंबड्या परातीकडे सरकत होत्या. यम्माने पायाने त्यांना हाकललं आणि उंबऱ्यावर बसली.

"आणि मोटर मिमूनला द्यायला निघालास. ते चाललं. पण मला सांगायचं नाही."

"मला वाटलं हातच गेला, यामना. खरंच वाटलं. एक वर्ष केबल बदलली नाही तर एवढं होतं, मला काय ठाऊक?"

माझा त्याच्यावर विश्वास बसला. हात आणि केबल एकाच वर्षात बिघडले होते, आणि मुठीत लिव्हर धरलेल्या माणसाला त्यातलं कुठलं जड आहे हे वेगळं कळत नाही. तानकाटा घेऊनही मला ते दुसऱ्या खेपेला कळलं.

यम्मा माझ्याकडे वळली. "तू शिकलीस. सांग मला. माझं तेल वाईट आहे?"

"खायला चांगलं आहे, यम्मा. पण असा पातळ थर असला, इंजिनाची ऊब, लोखंड, हवा, की त्याचे कण एकमेकांना घट्ट धरून बसतात. सुटत नाहीत. त्यावर धूळ बसते. मग थंडीत सगळं थिजतं."

"एकमेकांना धरून बसतात," यम्मा म्हणाली. ती जरा विचार करत होती. "मग तेलाचं काय चुकलं?"

बा खाली मान घालून हसला. यम्माने ते बघितलं. "हसू नकोस. तुझा हिशेब अजून व्हायचाय."

तो हिशेब आत, जेवताना झाला असावा. मी बाहेर होते. तार आणि नळी डिझेलमध्ये घातली, नळीत पिचकारीने डिझेल सोडत राहिले, आधी तपकिरी, मग पिवळं, मग स्वच्छ येईपर्यंत. उन्हात वाळवून तार परत घातली. आता ती झरझर गेली. मग केबल अंजिराच्या फांदीला उभी टांगली. वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा बांधून नरसाळं करायचं होतं, पण माझ्या हातून गाठ सैल राहत होती आणि इंजिनचं तेल बाहेरून ओघळत होतं.

"सरक," यम्मा मागून म्हणाली. तिने कमरेचा दोरा सोडला आणि पिशवी नळीभोवती अशी आवळली की थेंबही बाहेर येईना. मग बाटली माझ्या हातातून घेतली. "किती?"

"थोडंच. ते आपापलं उतरतं. खालून थेंब आला की झालं."

तिने घातलं आणि बघत उभी राहिली. "हळू पितं," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने, मी भाकरी खाऊन आले तरी, ती तिथंच होती. "अजून नाही आला," तिने सांगितलं. मग ऊन अंगणातून भिंतीवर गेलं आणि तिने मला हाक मारली. केबलच्या खालच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. तिने तो बोटावर घेतला, वास घेतला आणि नाक मुरडलं. "याला तर कसलाच वास नाही."

"म्हणून तर बरं आहे."

"दरवर्षी?"

"दर दोन-तीन महिन्यांनी. मी दाखवते तुला."

"दाखव. तू जाशील नोकरीवर."

केबल बसवली. दोन्ही टोकांचे नट फिरवून लिव्हरच्या मुळाशी एका नाण्याच्या जाडीइतकी ढिलाई ठेवली. त्याहून कमी ठेवली तर चकत्या पूर्ण मिटत नाहीत, जास्त ठेवली तर पूर्ण सुटत नाहीत. हे मी बाला त्याच्याच हाताने करायला लावलं. नट त्याच्या बोटांतून दोनदा निसटला, तरी त्यानेच तो फिरवला. तानकाटा लावला. पाच किलो आणि थोडंसं वर. बाने तो आकडा स्वतः वाकून वाचला. मग डाव्या हाताने लिव्हर ओढली आणि ओढून तशीच धरून बसला.

"सोड की आता," यम्मा म्हणाली.

"थांब."

पहिली पोती भरली त्या सकाळी मिमून आला. त्याने आणि मी पोती हौद्यात चढवली. बा सीटवर बसला होता. मिमूनने किल्लीबद्दल विचारलं नाही. नुसता लिव्हरवरच्या त्या पांढऱ्या मनगटाकडे बघत राहिला. बाने क्लच ओढला, पायाने पहिला गिअर टाकला, आणि लिव्हर हळूहळू सोडली. मोटर हिसका न देता निघाली. मिमून पुढे होऊन मागची साखळी नीट अडकवून देत होता, त्याला दोन पावलं पळावं लागलं.

"काका, मी माझी खेचरं घेऊन मागून येतो," तो ओरडून म्हणाला, आणि मला वाटतं त्याच्या आवाजात सुटकाच होती.

यम्मा आणि मी पोत्यांवर बसलो होतो. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर, जिथं पाण्याचे कॅन घेऊन आम्ही अडकलो होतो, मी श्वास धरून इंजिनाचा आवाज ऐकत होते. बाने गिअर उतरवला. आवाज खाली आला, आणि पोत्यांचं सगळं वजन चाकांनी घेतलं. काही घसरलं नाही. जळका वास नाही. आम्ही चढत होतो.

तिसऱ्या वळणाआधी, ऐन चढावर, बा थांबला.

"काय झालं?" यम्माने विचारलं.

"काही नाही." त्याने क्लच ओढला, मग लिव्हर आणि ब्रेक हळूहळू एकत्र सोडले, आणि मोटर पुन्हा चढायला लागली.

थोडं पुढे गेल्यावर तो पुन्हा थांबला. समोर काही नव्हतं, ना मेंढ्या, ना दगड. पोती पुढे-मागे हलली आणि यम्माने माझा दंड धरला.

"बूशता, आता काय?"

"बघतोय."

"काय बघतोयस?"

त्याची नजर डाव्या मनगटावर होती. लिव्हर आत आली, हळूच बाहेर गेली. निघालो. एका जुन्या झाडाखाली पुन्हा थांबलो, तेव्हा यम्माने काही विचारलं नाही. तिने ओढणी नीट केली, पोत्याला पाठ टेकली आणि दरीकडे बघत बसली, जणू थांबायचंच ठरलं होतं. मागून खेचरांच्या घंटा ऐकू आल्या. मिमून आम्हाला गाठून शेजारी आला.

"काका, बंद पडली का?"

"नाही रे," बा म्हणाला. डाव्या हाताची बोटं लिव्हरवरच होती. "तू हो पुढे. आम्ही असेच थांबत थांबत येतो."